येडं, खुळं आणि बेणं

सातारा-सांगलीकडं माणसाला सहसा मूर्ख म्हणत नाहीत. तो पुस्तकातला शब्द, मास्तरांनी वापरायचा. बांधावर, पारावर, एसटीच्या रांगेत चालतात ते येडं, खुळं, बावळट, बेणं. दोन्ही जिल्ह्यांची बोली मुळात एकाच घरातली. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. कागदपत्रं वेगळी झाली, शिव्या सामाईक राहिल्या.

वेड्याचा येडा

इकडच्या बोलीत इ आणि ए या स्वरांआधीचा व टिकत नाही. विळ्याचा इळा होतो, विठोबाचा इठोबा, वेळेची येळ, वेताळाचा येताळ. त्याच वाटेनं वेड्याचा येडा झाला, आणि घाईत बोलणाऱ्याच्या तोंडी यडा. याला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी नीट ऐकावं. बोली इथं नियम मोडत नाही, पाळते.

वाळवा तालुक्यात येडेमच्छिंद्र आणि येडेनिपाणी अशी गावं आहेत. पाटी वाचून परगावचा माणूस हसतो. त्यानं जरा जपून हसावं. येडेमच्छिंद्र हे क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. १९४३ मध्ये साताऱ्यात प्रतिसरकार उभं करून इंग्रजांची झोप उडवणाऱ्यांचं.

वारं आणि भूत

बावळा आणि बावळट यांचं मूळ संस्कृत 'वातुल' या शब्दात आहे. वातुल म्हणजे ज्याच्या अंगात वाताचा जोर झालाय असा. वात बिघडला की बुद्धी भ्रमते, ही जुन्या वैद्यांची समजूत. हिंदीतला बावला याच कुळातला, आणि बंगालच्या बाउल गायकांचं नावही काही अभ्यासक इथंच आणून जोडतात. शब्दाचं मूळ विसरलं तरी समजूत गेलेली नाही. तापात बरळणाऱ्याला आपण अजून 'वात झालाय' म्हणतो, आणि उधळलेल्या पोराच्या अंगात वारं शिरतं.

वेडा या अर्थाचा पिसा हा शब्द पिशाचापासून आला. संतांनी देवाचं पिसं लावून घेतलं, तेव्हा त्या शब्दाला केवढी उंची होती! आता तो बहुतेक पिसाळलेल्या कुत्र्यापुरता उरलाय.

रानातलं बेणं

ऊस, हळद, आलं ही इकडची पिकं बियांनी लावत नाहीत. उसाच्या डोळे असलेल्या कांड्या, हळदीचे-आल्याचे कंद, हेच त्यांचं बेणं. बेणं किडकं निघालं की वर्ष गेलं. त्यामुळं 'लई बेणं हाय' असं कुणाला म्हटलं की बोट त्याच्या अकलेवर नसतं, वाणावर असतं. बापसुद्धा त्यात सापडतो.

लहानपणी लागणीच्या वेळी मी सरीत कांड्या दाबत होतो. डोळे दोन्ही बाजूंना यायला हवेत, म्हणजे कोंभ बिनअडथळा वर येतात. माझ्या कांड्यांचे निम्मे डोळे खाली, चिखलात. चुलत्यांनी एक कांडी उकरून हातात घेतली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कुठलं बेणं म्हणायचं रं हे?" लागणीच्या बायका सरीतच बसून हसल्या. कांडीला म्हणाले की मला, हे मी आजवर विचारलेलं नाही.

नंदीबैल

हा शब्द दारात आलेला. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, मालकाच्या हातात गुबूगुबू वाजणारा ढोल. "पाऊस पडंल का?" नंदी मान हलवतो. "पोरगं पास हुईल का?" पुन्हा तेच. सगळ्याला होकार देणाऱ्याला त्यावरून हे नाव.

समर्थांची यादी

मूर्खपणाचा एवढा पद्धतशीर अभ्यास मराठीत रामदासांइतका कुणी केला नसेल. त्यांचा अखेरचा मुक्काम साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर होता. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. दोघं बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा आणि वर दोन्ही हातांनी डोकं खाजवणारा त्यात आहे. तो माणूस आजही प्रत्येक पारावर सापडतो. त्याच दशकाचा दहावा, शेवटचा समास पढतमूर्खाचा, म्हणजे शिकूनही न सुधारलेल्याचा. मला हाच जास्त मोलाचा वाटतो, कारण बोलीत त्याला जोड नाही. फार तर 'दीडशहाणा' त्याच्या जवळपास जातो.

येडा आणि येडं

खरी गंमत लिंगात आहे. "येडा हाय तो" म्हटलं की भांडण. "येडं हाय ते" म्हटलं की माणसाला पांघरूण घातलं. नपुंसकलिंगात गेलेला माणूस लेकरासारखा होतो, त्याच्यावर राग धरता येत नाही. म्हणून आजी नातवाला "यडं माझं ते" म्हणत कुरवाळते. आणि रात्री दोनला लाईट येणार म्हणून बॅटरी घेऊन मोटारीवर गेलेल्या नवऱ्याबद्दल बायको शेजारणीला सांगते, "आमचं येडं गेलंय रानात." सांगता सांगता त्याच्या भाकरीवर ताट झाकून ठेवते.