जुनी सदनिका भाड्याने देण्यापूर्वी

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को आणि फोंडा या शहरांतून सदनिकांच्या इमारती उभ्या राहू लागल्या. नोकरदार वर्गाने पोटाला चिमटा घेऊन, प्रसंगी कर्ज काढून त्या काळी घेतलेल्या या सदनिका आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. ज्यांनी त्या घेतल्या त्यांचे वय झाले आहे आणि मुले नोकरीनिमित्त मुंबई, पुणे, बंगळूर अथवा परदेशी स्थायिक झाली आहेत. परिणामी यांतील कित्येक सदनिकांना कुलूप लागलेले दिसते. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील दर पाच घरांमागे सुमारे एक घर रिकामे आढळले होते. दुसऱ्या बाजूस, बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुजू होणारी परिचारिका, वेर्णा औद्योगिक वसाहतीतील तंत्रज्ञ, बदली होऊन आलेला शिक्षक अथवा बँक कर्मचारी परवडण्याजोगे घर शोधत हिंडत असतो.

घराला कुलूप लावले म्हणजे ते जपले गेले, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बंद घरात वारा खेळत नाही, त्यामुळे भिंतींवर व कपाटांत बुरशी धरते. न्हाणीघराच्या मोरीतील जाळीखाली जे पाणी साचून असते ते वापराअभावी आटते आणि त्या वाटेने दुर्गंधी व झुरळे घरात शिरतात. शौचालयाच्या टाकीत वा गच्चीवरील उघड्या पिंपात पाणी राहिल्यास डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास आठ-दहा दिवसांत होऊ शकते, आणि त्याचा उपद्रव साऱ्या शेजाऱ्यांना होतो. यास्तव घर राहते असणे हेच त्याच्या निगेचे पहिले साधन होय. मात्र जुने घर दुसऱ्याच्या हाती सोपविण्यापूर्वी मालकाने काही गोष्टी क्रमाने करणे अगत्याचे आहे. सामान्यतः आधी रंग, मग पडदे व फर्निचर आणि उरलेल्या पैशांत दुरुस्ती असा क्रम धरला जातो. तो उलटा हवा. घर प्रथम कोरडे करावे, नंतर सुरक्षित करावे आणि त्यानंतरच सजवावे.

पाहणी पावसात, दुरुस्ती उन्हात

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून सदनिकेची पाहणी जुलै महिन्यात करावी. गळती कोठून होते हे तेव्हाच दिसते. दुरुस्ती व रंगकाम मात्र भिंती वाळल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर हाती घ्यावे. ओल्या भिंतीवर दिलेला महाग रंगही पुढल्या पावसाळ्यात पोपडे धरून सुटतो.

भिंतीवरील ओल बाहेरून झिरपते की खोलीतील दमट हवेमुळे येते, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूस थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर दोष हवेचा आहे आणि खिडक्या उघड्या ठेवणे, पंखा अथवा धुराडे बसविणे एवढ्याने तो बराचसा दूर होतो. पहिल्या प्रकारात मात्र गच्ची, बाहेरील गिलावा, सांडपाण्याचे नळ अथवा वरच्या मजल्याचे न्हाणीघर तपासावे लागते. गच्ची सामायिक असल्यास तिच्या दुरुस्तीसाठी गृहनिर्माण संस्थेस लेखी कळवावे.

छताच्या स्लॅबवरील अथवा तुळईवरील भेगांकडे विशेष लक्ष द्यावे. समुद्राकडील खारी हवा व झिरपणारे पाणी काँक्रीटमधील लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचले की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीट तडकते आणि त्याचे तुकडे खाली कोसळतात. अशा जागी वरून सिमेंट थापून रंग देणे म्हणजे दुखणे झाकणे होय. सुटे झालेले काँक्रीट काढून, सळया घासून स्वच्छ करून, त्यांवर गंजरोधक लेप देऊन मगच ती जागा योग्य मिश्रणाने भरावी लागते. सळयांच्या दिशेने लांबवर गेलेली भेग दिसल्यास स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याखेरीज घर भाड्याने देऊ नये. खाली झोपणाऱ्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

जुन्या मोझाइकच्या फरशीवर नव्या चकचकीत फरश्या बसविण्याची हौसही आवरावी. फरशी व तिच्याखालील सिमेंटचा थर मिळून दर चौरस मीटरला पन्नास किलोहून अधिक वजन वाढते. दहा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीत हा भार अर्ध्या टनाहून जास्त होतो. जुन्या स्लॅबवर तो लादण्यापेक्षा मोझाइकला पॉलिश करून घ्यावे. ते स्वस्त पडते आणि फरशी पुन्हा उजळते.

वीज, गॅस आणि पाणी

चार दशकांपूर्वी एका घरात चार दिवे, तीन पंखे, एक रेडिओ व फार तर एक इस्त्री असे. त्या बेताने घातलेल्या तारांवर आज गिझर, वातानुकूलन यंत्र, धुलाई यंत्र व फ्रीज चालतात. २,००० वॅटचा गिझर, १,५०० वॅटचे वातानुकूलन यंत्र आणि १,००० वॅटची इस्त्री एकाच वेळी चालू झाल्यास ४,५०० वॅटचा भार होतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो सुमारे २० अँपिअर विद्युत्प्रवाह खेचतो. जुन्या बारीक तारा अशा वेळी तापतात, त्यांवरील आवरण वितळते आणि आग लागण्याचा संभव निर्माण होतो. यास्तव परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून तारा तपासून घ्याव्यात. गिझर व वातानुकूलन यंत्र यांना जाड तांब्याच्या तारेची स्वतंत्र जोडणी द्यावी आणि गरज पडल्यास मंजूर भार वाढवून देण्यासाठी वीज खात्याकडे अर्ज करावा.

तद्वतच, अर्थिंग चालू स्थितीत आहे याची खातरजमा करून ३० मिलिअँपिअर क्षमतेचे आरसीसीबी हे उपकरण मुख्य फलकावर बसवावे. ओल्या हाताने सदोष यंत्राला स्पर्श झाल्यास हे उपकरण क्षणार्धात पुरवठा तोडते. त्याचा खर्च एका बऱ्यापैकी खुर्चीहून फारसा अधिक नसतो. ते चालू आहे की नाही, हे त्यावरील चाचणीचे बटण दाबून महिन्यातून एकदा पाहण्यास भाडेकरूस सांगावे.

स्वयंपाकघरातील गॅसची रबरी नळी आय.एस.आय. चिन्हाची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. गॅसवर चालणारा गिझर बंद न्हाणीघरात कदापि बसवू नये. पुरेशी हवा नसल्यास त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू निर्माण होतो आणि स्नान करणाऱ्या व्यक्तीस काही कळण्यापूर्वीच तिची शुद्ध हरपते. जुने लोखंडी नळ आतून गंजून अरुंद झालेले असतात. पाण्याची धार बारीक येत असल्यास नळाची तोटी बदलून भागत नाही, नळच बदलावे लागतात.

सामान किती आणि कोणते

घर कोरडे व सुरक्षित झाल्यावर सामानाचा विचार करावा. भाड्याने येणारे कुटुंब बहुधा आपली भांडीकुंडी व अंथरूण-पांघरूण बरोबर आणते. एकटा नोकरदार वा विद्यार्थी मात्र दोन पेट्या घेऊन येतो. कोणासाठी घर द्यावयाचे, हे ठरवूनच खरेदी करावी. पलंग, कपाट, जेवणाचे मेज व खुर्च्या, पंखे, दिवे, स्वयंपाकाचा ओटा व त्याखालील मांडणी, कपडे वाळत घालण्याची सोय आणि खिडक्यांना डासांची जाळी एवढे असले की घर राहण्याजोगे होते.

गोव्याच्या दमट हवेत कोणत्या वस्तू टिकतात, हेही ध्यानात घ्यावे. भुश्याच्या दाबीव फळ्यांचे स्वस्त कपाट दोन-तीन पावसाळ्यांत फुगते. ओट्याखालील कपाटे पाण्याला टिकणाऱ्या प्रतीच्या प्लायवूडची करावीत अथवा तेथे उघडी दगडी मांडणी ठेवावी. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटे दूर व पायांखाली ठोकळे देऊन ठेवावे. जाड गालिचे, भरगच्च पडदे व कापडी सोफे ओल धरून ठेवतात. त्यांऐवजी धुता येण्याजोगे सुती पडदे व वेताच्या किंवा लाकडी खुर्च्या बऱ्या. घरात आजोबांच्या वेळचे शिसवी वा सागवानी सामान असेल तर ते दुरुस्त करून वापरण्यास हरकत नाही. मात्र ज्या वस्तूवर ओरखडा पडल्यास मालकाच्या मनाला लागेल, ती वस्तू भाड्याच्या घरात ठेवू नये. देव्हारा, कुटुंबाची छायाचित्रे आणि जुनी कागदपत्रे आधीच हलवावीत. एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवण्याची प्रथाही टाळावी. भाडेकरूस ते घर आपले वाटत नाही आणि बंद खोलीत पुन्हा ओल व वाळवी शिरते.

करारनामा आणि कायदा

सामानाची यादी करून प्रत्येक वस्तूची स्थिती तीत नमूद करावी, छायाचित्रे काढावीत, वीजमापकाचा आकडा लिहावा आणि यादीवर उभयतांनी सह्या कराव्यात. घर सोडताना होणाऱ्या तंट्यांचे मूळ बहुधा अशी यादी नसण्यात असते.

एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये उपनिबंधकांकडे करणे आवश्यक आहे. अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा त्यातूनच पडली. भाडे व निष्कासन यांविषयी गोव्यात १९६८ चा इमारती भाडे नियंत्रण अधिनियम आहे. त्यामुळे कराराचा मसुदा जाणकार वकिलाकडून तपासून घेणे श्रेयस्कर. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामायिक असते. वारसाहक्काने आलेल्या सदनिकेचे तर भाऊ-बहिणी मिळून अनेक मालक असू शकतात. म्हणून करारास सर्व मालकांची लेखी संमती असावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी आणि गृहनिर्माण संस्थेसही कळवावे. पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने जागा द्यावयाची असल्यास प्रकरण निराळे होते. त्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियमाखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते.

कोणती दुरुस्ती कोणी करावी, हेही करारात लिहावे. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसाठी प्रसृत केलेल्या आदर्श भाडे अधिनियमात याची उपयुक्त वाटणी आढळते. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींचा रंग, नळ व वीजतारा बदलणे मालकाकडे. तोट्या, बटणे, कुलपे व खिडकीच्या काचा यांची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे. निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असेही त्यात म्हटले आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज हा अधिनियम तेथे लागू होत नाही. तथापि न्याय्य करारासाठी त्याचा नमुना म्हणून उपयोग करता येतो.

खर्चाचा मेळ

शेवटी हिशेबाविषयी. समजा, सामानावर ९०,००० रुपये खर्च केले आणि त्यामुळे भाडे दरमहा ३,००० रुपयांनी वाढले, तर तो खर्च भरून निघण्यास तीस महिने लागतात. त्याआधी मोडणारे सामान घेणे तोट्याचे होय. आयकराच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. वार्षिक भाडे १,८०,००० रुपये असून त्यातून भरलेली घरपट्टी ६,००० रुपये वजा केली, तर १,७४,००० रुपये राहतात. त्यावर ३० टक्के, म्हणजे ५२,२०० रुपये, ठरीव वजावट मिळते आणि १,२१,८०० रुपये करपात्र उत्पन्नात धरले जातात. दुरुस्तीवर प्रत्यक्षात कितीही खर्च झाला तरी ही वजावट बदलत नाही. म्हणून वारंवार करावी लागणारी दुरुस्ती टाळणे, म्हणजेच प्रथम एकदा नीट करणे, हाच किफायतशीर मार्ग ठरतो.

निवृत्त मालकास सदनिकेचे भाडे म्हणजे म्हातारपणीचा औषधपाण्याचा आधार असतो. परगावाहून आलेल्या भाडेकरूस तेच घर दिवसभराच्या श्रमांनंतर निर्धास्त झोपण्याची जागा असते. या दोन्ही गरजा एकाच छपराखाली भागू शकतात. त्यासाठी पडदे निवडण्यापूर्वी मालकाने छताकडे आणि वीजफलकाकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे. कुलूपबंद सदनिकांचे मालक येत्या पावसाळ्यात ही पाहणी करतील आणि दिवाळीनंतर आपल्या घरांची दारे उघडतील, अशी अपेक्षा आहे.