'की' आणि 'रेफ' : रिॲक्टमधील दोन राखीव गुणधर्म

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील मोटार कारखान्यांत जुळणीच्या रांगेवरील गाडी ओळखली जाते ती तिच्या १७ वर्णांच्या चासी क्रमांकावरून. रांगेतील स्थानावरून नव्हे. (१ व ० या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ व क्यू ही अक्षरे त्या क्रमांकात योजीत नाहीत.) फेसबुक कंपनीने २०१३ मध्ये सर्वांस खुल्या केलेल्या 'रिॲक्ट' या जावास्क्रिप्ट लायब्ररीत हेच कार्य 'की' हा गुणधर्म करतो.

रिॲक्टमध्ये पडद्यावरील दृश्य लहानलहान घटकांनी रचले जाते. एक घटक आपल्या पोटातील घटकास जी माहिती पुरवितो, तिला 'प्रॉप्स' म्हणतात. या नावांपैकी 'की' व 'रेफ' ही दोन रिॲक्टने स्वतःसाठी राखून ठेविली. व्याकरणातील रेफाशी या रेफाचा अर्थातच संबंध नाही.

समजा, अंतिम तपासणीस आलेल्या गाड्यांची यादी पडद्यावर आहे. पहिल्या ओळीत निरीक्षकाने 'ब्रेक पुन्हा तपासावा' असा शेरा लिहिला. तो अद्याप त्या ओळीच्या घटकाच्या स्मृतीतच आहे. तेवढ्यात ती गाडी यादीतून निघाली. ओळीचा अनुक्रम हीच 'की' दिली असेल, तर नवी पहिली ओळ म्हणजे जुनीच पहिली ओळ होय, असे रिॲक्ट मानते. परिणामी सदोष गाडीचा शेरा तिच्यामागील निर्दोष गाडीस चिकटतो. 'की' मुळीच न दिल्यास कार्यक्रम रचतेवेळी निदान इशारा तरी मिळतो. अनुक्रम दिल्यास तोही मिळत नाही. चासी क्रमांक हीच 'की' असल्यास मात्र गाडीबरोबर तिचा शेराही जातो. दर वेळी नवी यादृच्छिक संख्या देणे तर सर्वांत वाईट. त्यामुळे प्रत्येक ओळ पुनःपुन्हा नव्याने घडते व लिहिलेले पुसले जाते.

चासी क्रमांकाचा दृष्टान्त येथवरच चालतो. तो क्रमांक गाडीवर कोरलेला असतो. 'की' मात्र घटकास स्वतःस वाचता येत नाही. प्रॉप्समध्ये ती शोधल्यास 'अनडिफाइन्ड' एवढेच हाती येते. म्हणून ओळीत क्रमांक दाखवावयाचा असल्यास तोच दुसऱ्या नावाने पुन्हा द्यावा लागतो. नवशिके येथे हटकून अडतात.

'रेफ'चे काम निराळे. पडद्यावरील प्रत्यक्ष चौकटीपर्यंत तो हात पोहोचवितो. उदाहरणार्थ, क्रमांक टिपण्याच्या चौकटीत कर्सर नेऊन ठेवणे. डिसेंबर २०२४ मधील १९ व्या आवृत्तीपासून फलनरूप घटकांना 'रेफ' सामान्य गुणधर्माप्रमाणे मिळू लागला. 'की' मात्र राखीवच राहिली.