लग्नपत्रिकेची मांडणी

घरांत कार्य निघालें कीं पत्रिकेंत कोणाकोणाचीं नांवें घालावयाचीं याचा खल सुरू होतो. सर्वांचा मान राखला जातो. मुहूर्त व स्थळ मात्र त्या गर्दींत हरवतात. यवतमाळ जिल्ह्याच्या एका टोकास वणी, तर दुसऱ्या टोकास उमरखेड. इतक्या लांबून निघणाऱ्या पाहुण्याची अक्षतांची वेळ चुकूं नये, हा पत्रिकेचा पहिला हेतु होय.

म्हणून आम्ही कांहीं नियम सुचवितों. मुहूर्त व स्थळ मोठ्या अक्षरांत असावें. सर्वच मजकूर ठळक केल्यास कांहींच ठळक उरत नाहीं. नातलगांचीं नांवें गाळूं नयेत, पण तीं खालीं, लहान अक्षरांत, एकत्र द्यावीं. संगणकावर शेंकडों अक्षरवळणें मिळत असलीं तरी दोहोंहून अधिक वापरूं नयेत. समास मोकळा सोडावा. आणि आपल्या लिपींत वेलांट्या वर व उकार खालीं येत असल्यानें दोन ओळींत पुरेसें अंतर ठेवावें. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईस काढलेला निर्णयसागर छापखाना सुवाच्य अक्षरांबद्दल नांवाजला गेला. तीच सुवाच्यता येथेंहि हवी.

छापण्यापूर्वीं कच्चें मुद्रित घरांतील आजींच्या हातीं द्यावें. त्यांस मुहूर्त शोधावा न लागल्यास पत्रिका खुशाल छापावयास टाकावी.