जुलाबातले विष आणि जलसंजीवनी

जुलाब लागले की आतडे नाजूक झाले, त्याला ‘आराम’ द्यायचा, पाणी तोडायचे, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या रुग्णाचा तिने जीव जाऊ शकतो. कॉलऱ्याच्या जंतूचे विष आतड्यात काय करते आणि काय करत नाही, हे पाहिले की त्यामागचे कारण उलगडते.

आपण दिवसाला साधारण २ लिटर पाणी पितो. पण ते पाणी, लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचकरस मिळून लहान आतड्यात रोज ८-९ लिटर द्रव उतरतो. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत शोषून घेते. शौचावाटे जाते ते १००-२०० मिलिलिटर. एवढ्या मोठ्या देवघेवीचा तोल ढळला, तर किती पाणी जाईल याचा अंदाज करता येतो.

कॉलऱ्याचा जंतू लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो, पेशींत शिरत नाही. तिथे बसून तो विष सोडतो. हे विष म्हणजे सहा तुकड्यांचे प्रथिन. त्यातले पाच तुकडे पेशीच्या पृष्ठभागाला पकडतात. सहावा आत शिरतो आणि पेशीतले एक प्रथिन कायमचे ‘चालू’ अवस्थेत अडकवतो. त्यामुळे सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू बेसुमार तयार होतो. त्याच्या हुकमाने क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते, त्यामागे सोडियम आणि सोडियममागे पाणी. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात. गंभीर रुग्ण तासाला १ लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो. आमांशात पडते तसे रक्त यात पडत नाही, कारण अस्तर शाबूत असते.

पाणी सुटते ते जंतूच्या विषामुळे, हे सिद्ध केले कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी. विषाची शंका रॉबर्ट कॉख यांनी १८८४ सालीच बोलून दाखवली होती, पण पुरावा मिळत नव्हता. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला, नुसता वाढद्रव सोडला. एकही जंतू नसताना तो भाग द्रवाने टम्म फुगला. १९५९ साली त्यांनी हे ‘नेचर’मध्ये छापले. साध्या साधनांनी केलेल्या या कामाची आपल्या देशाने त्यांच्या हयातीत पुरेशी कदर केली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आतड्यात एरवी निमूट राहणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या काही जातीही जवळजवळ असेच विष बनवतात. लहान मुलांच्या आणि प्रवाशांच्या जुलाबांमागे बऱ्याचदा त्या असतात.

आता उपचाराकडे. विषाने पाणी बाहेर सोडण्याची वाट उघडी ठेवली, तरी पेशीतली आणखी एक वाट तशीच चालू राहते: ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी. त्या जोडीबरोबर पाणीही आत येते. म्हणून नुसत्या पाण्याने किंवा नुसत्या मिठाच्या पाण्याने भागत नाही. मीठ आणि साखर दोन्ही हवीत, आणि बेतशीर. साखर फार झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते. शीतपेये म्हणूनच कामाची नाहीत.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली. बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांतून वाटले. नातेवाईकांनीच ते रुग्णांना पाजले. तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. महालनबीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

अशा मीठ-साखरेच्या मिश्रणाच्या, म्हणजे जलसंजीवनीच्या पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात ती पूर्ण विरघळवा. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोटाघोटाने पाजा. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडले किंवा पोटात काहीच टिकेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठा आणि वाटेतही पाजत राहा.