क्रमविकास, रेणवीय : संशोधन व व्यवसाय

सजीवांतील प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले यांच्या रेणूंत पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेल्या बदलांवरून सजीवांचे परस्परसंबंध, त्यांच्या वंशशाखा अलग होण्याचा काळ व या बदलांची कारणे यांचा शोध घेणाऱ्या शास्त्रशाखेला रेणवीय क्रमविकासविज्ञान म्हणतात. ही शाखा दोन शास्त्रांच्या संगमातून निर्माण झाली. कोशिकेतील एखादी क्रिया कशी घडते याचे उत्तर रेणवीय जीवविज्ञान शोधते. तर ती तशीच का घडते व केव्हापासून घडू लागली, हा क्रमविकासविज्ञानाचा प्रश्न होय. पहिल्याचा अभ्यासक प्रयोगशाळेत रसायने व उपकरणे घेऊन बसे. दुसऱ्याचा संग्रहालयात, रानात किंवा जीवाश्मांच्या शोधात हिंडे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोघांना एकमेकांची फारशी गरज भासली नाही. रेणूंचे अनुक्रम वाचता येऊ लागल्यावर ती भासू लागली. त्याबरोबरच या सीमेवर काम करणाऱ्याचे शिक्षण कोठे व्हावे, त्याला जागा कोणत्या विभागात मिळावी, हे प्रश्नही उभे राहिले व ते अद्यापि पूर्णपणे सुटलेले नाहीत.

प्रारंभ : इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर यांनी १९५०–५५ या काळात इन्शुलीन या प्रथिनातील ॲमिनो अम्लांचा अनुक्रम निश्चित केला. या कार्याबद्दल त्यांना १९५८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गाय, डुक्कर व मेंढी यांच्या इन्शुलिनांची तुलना करता त्यांत फरक आढळले ते केवळ एका शृंखलेतील लागोपाठच्या तीन जागी. तिन्ही प्राण्यांत इन्शुलिनाचे कार्य सारखेच चालते. म्हणजे हे फरक कार्याच्या दृष्टीने क्षुल्लक, परंतु वंशेतिहासाच्या दृष्टीने बोलके होते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एमिल झुकरकँडल व लायनस पॉलिंग यांनी रक्तातील हीमोग्लोबिनाकडे याच दृष्टीने पाहिले. हीमोग्लोबिनाच्या आल्फा शृंखलेत १४१ ॲमिनो अम्ले असतात. मानव व घोडा यांच्या शृंखलांत त्यांपैकी १८ जागी फरक आढळतो, तर मानव व गोरिला यांच्यात एकाच जागी. दोन शाखा अलग होऊन जितका काळ लोटला असेल, त्या प्रमाणात फरक साचत गेले असावेत, असे अनुमान त्यांनी १९६२ मध्ये मांडले व पुढे १९६५ मध्ये त्याला ‘रेणवीय घड्याळ’ असे नाव दिले. एखाद्या शाखेचा काळ जीवाश्मांवरून निश्चित असेल, तर त्यावरून घड्याळाचा वेग ठरविता येतो आणि जिचे जीवाश्म उपलब्ध नाहीत अशा शाखेचा काळ त्या वेगावरून काढता येतो. मात्र सर्व रेणूंची घड्याळे सारख्या वेगाने चालत नाहीत. केंद्रकातील हिस्टोन एच्-४ या प्रथिनात गाय व वाटाण्याची वेल यांच्यात १०२ पैकी केवळ दोन जागी फरक आहे. याउलट रक्त गोठताना फायब्रिनोजेनापासून तुटून निघणारे पेप्टाइड तुकडे फार जलद बदलतात. रेणूचा जो भाग कार्यासाठी अत्यावश्यक असतो, तो सहसा बदलू दिला जात नाही, हे याचे कारण होय.

रामपिथेकसचा वाद : या घड्याळाची खरी कसोटी मानवाच्या वंशेतिहासात लागली. आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे शिवालिक खडकांत १९३२ साली जी. एडवर्ड लुईस यांना जबड्याचा एक तुकडा सापडला. त्या प्राण्याला त्यांनी ‘रामपिथेकस’ असे नाव दिले. १९६० नंतर एल्विन सायमन्स व डेव्हिड पिलबीम यांनी या प्राण्याला मानवाचा पूर्वज मानले. त्याचा काळ सुमारे १ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीचा समजला जात असल्यामुळे मानव व आफ्रिकी कपी त्याच्याही आधी अलग झाले असले पाहिजेत, असा निष्कर्ष निघत होता व पाठ्यपुस्तकांतही तो शिरला होता.

बर्कली येथील व्हिन्सेंट सॅरिच व ॲलन विल्सन यांनी १९६७ साली याला आव्हान दिले. त्यांनी जबडा पाहिला नाही. रक्तातील अल्ब्युमिनाविरुद्ध सशात प्रतिपिंडे तयार करून ती निरनिराळ्या प्राण्यांच्या अल्ब्युमिनांशी किती तीव्रतेने विक्रिया करतात, हे त्यांनी मोजले. आफ्रिका व आशियातील माकडे कपींपासून ३ कोटी वर्षांपूर्वी अलग झाली असे धरल्यास मानव व आफ्रिकी कपी हे केवळ ५० लक्ष वर्षांपूर्वी अलग झाले असावेत, असे या मापनावरून निघाले. जीवाश्मतज्ञांना हे मान्य होण्यासारखे नव्हते, आणि त्यांचा आक्षेप निव्वळ हट्टाचा होता असेही म्हणता येत नाही. घड्याळ समवेगाने चालते हे गृहीतच तेव्हा पुरेसे तपासले गेलेले नव्हते. वादाचा निकाल जीवाश्मानेच लागला. पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवपिथेकसाच्या चेहऱ्याचा बराचसा पूर्ण अवशेष मिळाला व १९८२ मध्ये पिलबीम यांनीच त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची ठेवण ओरँगउटानाशी जुळणारी होती. रामपिथेकस हा शिवपिथेकसाचाच भाग असल्याचे मानले जाऊ लागले व मानवाचा पूर्वज म्हणून त्याला असलेले स्थान संपले. मानव व चिंपँझी अलग होण्याचा काळ आज सामान्यतः ६० ते ८० लक्ष वर्षांपूर्वीचा धरला जातो. सॅरिच यांचे आरंभीचे शिक्षण रसायनशास्त्राचे होते व विल्सन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. मानवशास्त्राच्या दालनात ते बाहेरून आले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तटस्थतावाद : १९६६ मध्ये रिचर्ड लेवाँटिन व जे. एल्. हबी यांनी फळमाश्यांच्या प्रथिनांचे विद्युत् संचारणाने पृथक्करण करून दाखविले की, एकाच जातीतील व्यक्तींमध्ये अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आनुवंशिक विविधता असते. एवढी विविधता नैसर्गिक निवडीने टिकवून धरली असेल काय? जपानमधील मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेतील मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये उत्तर दिले की, रेणूंच्या पातळीवरील बहुसंख्य बदल हितकारकही नसतात व अपायकारकही नसतात. ते केवळ यदृच्छेने पसरतात किंवा नाहीसे होतात. त्यांच्या सहकारी टोमोको ओटा यांनी १९७३ मध्ये यात महत्त्वाची सुधारणा केली. किंचित अपायकारक उत्परिवर्तने लहान समष्टीत तटस्थ उत्परिवर्तनांसारखी वागतात, मोठ्या समष्टीत मात्र निवडीने गाळली जातात, हे त्यांनी गणिताने दाखविले. किमुरा यांच्या नावामागे त्यांचे कार्य दीर्घकाळ झाकले गेले. क्रॅफोर्ड पारितोषिक त्यांना २०१५ साली मिळाले.

संगणकाच्या बाजूने असेच उपेक्षित कार्य मार्गारेट डेहॉफ यांचे होय. पुंज रसायनशास्त्रात पीएच्.डी. मिळविलेल्या या विदुषींनी १९६५ मध्ये त्या वेळेपर्यंत ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांच्या अनुक्रमांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि ॲमिनो अम्लांसाठी एकाक्षरी संकेत रूढ केले. आजचे प्रचंड अनुक्रमसंग्रह याच पायावर उभे आहेत.

वूज यांचे कार्य : या क्षेत्रातील संशोधन प्रत्यक्षात कसे चालते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे कार्ल वूज हे होत. त्यांची पीएच्.डी. जीवभौतिकीत होती. सूक्ष्मजंतूंना हाडे नसतात व त्यांचे आकार थोडेच असतात. त्यामुळे त्यांची वंशावळ कधी कळणारच नाही, असे मानले जाई. प्रत्येक सजीवात प्रथिननिर्मितीचे काम रिबोसोम करतात, तेव्हा रिबोसोमातील आरएनए रेणूची तुलना केल्यास सर्व सजीव एकाच मापाने मोजता येतील, असे वूज यांनी ओळखले. त्या काळी हा रेणू सबंध वाचता येत नसे. किरणोत्सर्गी फॉस्फरस शोषलेल्या सूक्ष्मजंतूंतून तो काढून एंझाइमाने त्याचे तुकडे करावयाचे, ते विद्युत् क्षेत्रात पसरवावयाचे व क्ष-किरण पटलावर उमटलेल्या ठिपक्यांवरून तुकड्यांची यादी करावयाची, अशी पद्धत होती. प्रकाशपेटीवर ठेवलेली ही पटले वूज वर्षानुवर्षे वाचत राहिले. १९७७ मध्ये त्यांनी जॉर्ज फॉक्स यांच्याबरोबर जाहीर केले की, मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव हे इतर सूक्ष्मजंतूंहून तितकेच भिन्न आहेत, जितके ते वनस्पती व प्राणी यांच्याहून भिन्न आहेत. या तिसऱ्या गटाला आता आर्किया म्हणतात. अनेक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी प्रथम या निष्कर्षाकडे दुर्लक्ष केले. दहा वर्षे ज्यातून फारसे काही प्रसिद्ध होत नाही असे काम करणाऱ्या अध्यापकाला विद्यापीठाने नोकरीत ठेवले होते, म्हणूनच हा शोध लागू शकला. तीन-तीन वर्षांच्या अनुदानांवर चालणाऱ्या आजच्या व्यवस्थेत असा माणूस टिकला असता की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

जागांचा प्रश्न : १९५३ मध्ये डीएनएची संरचना उलगडल्यानंतर विद्यापीठांतील जीवविज्ञान विभागांत नव्या जागा मुख्यतः रेणवीय जीवविज्ञानाकडे जाऊ लागल्या. हार्व्हर्ड विद्यापीठात जे. डी. वॉटसन १९५६ मध्ये दाखल झाल्यानंतर निर्माण झालेल्या तणावाचे वर्णन मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात केले आहे. प्राणी ओळखणे, त्यांचे वर्णन करणे हे टपाल तिकिटे जमविण्यासारखे काम आहे, अशी उपेक्षेची भावना त्या पिढीतील काही रेणवीय शास्त्रज्ञांत होती. पुढे अनेक विद्यापीठांत दोन्हींचे विभागच वेगळे झाले. त्यामुळे भांडण मिटले, पण विद्यार्थ्याला वयाच्या विसाव्या वर्षीच एक बाजू निवडावी लागू लागली.

आधुनिक संशोधन : १९७७ मध्ये सँगर यांनी डीएनए वाचण्याची सुलभ पद्धत शोधली आणि पुढील तीन दशकांत यंत्रांनी ते काम इतके स्वस्त केले की, अडचण अनुक्रम मिळविण्याची न राहता त्यांचा अर्थ लावण्याची झाली. चिंपँझीचा जीनसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुळणाऱ्या भागांत तो मानवाच्या जीनसंचाहून सु. १·२ टक्के भिन्न आहे. स्वान्टे पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निअँडरथल मानवाचा जीनसंच वाचला. या कार्याला २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील वसंत शिंदे यांचा सहभाग असलेल्या गटाने हरियाणातील राखीगढी येथील सिंधू संस्कृतिकालीन एका स्त्रीच्या अस्थींतील डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. उष्ण हवामानात डीएनए लवकर नष्ट होत असल्याने तेथील अनेक सांगाड्यांपैकी एकातूनच पुरेसे द्रव्य मिळाले.

क्रमविकास डोळ्यांदेखत पाहण्याचे प्रयोगही होतात. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूच्या बारा समष्टी वाढविण्यास प्रारंभ केला. त्यांच्या ७५,००० हून अधिक पिढ्या झाल्या आहेत. दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवलेले असल्यामुळे पूर्वज व वंशज यांची समोरासमोर स्पर्धा लावता येते. कोविड-१९ च्या साथीत तर विषाणूचा वंशवृक्ष दररोज वाढताना दिसला. भारतात डिसेंबर २०२० मध्ये विषाणूंचे अनुक्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे उभारण्यात आले व त्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थाही होती.

भारतातील शिक्षण व व्यवसाय : समष्टींच्या आनुवंशिकीचा गणिती पाया घालणाऱ्यांपैकी एक जे. बी. एस्. हॉल्डेन हे १९५७ मध्ये भारतात आले व १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू केला. त्यातूनच पुढे बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. हैदराबाद येथे कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र आहे. तेथील एक प्रयोगशाळा चोरट्या शिकारीच्या गुन्ह्यांत मांस, कातडी किंवा केस कोणत्या प्राण्याचे, हे डीएनएवरून सांगते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पारिस्थितिकी विज्ञान केंद्र व पुण्याची २००६ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था येथेही या विषयातील संशोधन चालते.

संशोधनाकडे जाणारा रूढ मार्ग एम्.एस्‌सी., राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, पाच किंवा अधिक वर्षांची पीएच्.डी. व त्यानंतर बहुधा परदेशातील पीएच्.डी.-उत्तर संशोधन असा आहे. हा शेवटचा टप्पा काही वर्षांचा, तात्पुरत्या नेमणुकींचा व अनिश्चित असतो. कायम जागा थोड्या असल्याने त्यातून पार पडणाऱ्या सर्वांना अध्यापकपद मिळत नाही. विवाह व अपत्यसंगोपन यांचे वय नेमके हेच असल्याने स्त्रियांची गळती या टप्प्यावर अधिक होते. रुग्णालयांच्या निदान प्रयोगशाळा, लस व बियाणे उद्योग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि जीवशास्त्रीय माहितीचे संगणकीय विश्लेषण करणाऱ्या संस्था येथे अशा प्रशिक्षितांना काम मिळते. सांख्यिकी व संगणकाचे आज्ञावलीलेखन यांवाचून आता कोणत्याही शाखेत चालत नाही.

ज्याचा तुटवडा आहे तो निराळ्याच प्रकारच्या माणसांचा. अनुक्रम वाचणारी यंत्रे वाढली, परंतु एखादा बेडूक, कोळी किंवा गवत हातात घेऊन त्याची जात सांगू शकणारे वर्गीकरणतज्ञ कमी होत आहेत व त्यांच्यासाठी जागाही क्वचितच निघतात. २००३ साली केरळमधील इडुक्की जिल्ह्यात सापडलेल्या एका बेडकाचे उदाहरण घेता येईल. जांभळट रंगाचा, टोकदार नाकाचा हा प्राणी वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली राहतो व पावसाच्या प्रारंभी थोडे दिवस वर येतो. एस्. डी. बिजू व फ्रँकी बॉसाइट यांनी त्याला नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस असे नाव दिले. त्याचे सर्वांत जवळचे नातलग हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर असल्याचे डीएनएवरून दिसून आले. म्हणजे भारत व सेशेल्स हे भूभाग जोडलेले होते त्या मध्यजीव महाकल्पातील वंशशाखेचा तो अवशेष आहे. त्याच्या भैकेराचे वर्णन १९१८ मध्येच प्रसिद्ध झाले होते. प्रौढ बेडूक हाती लागण्यास आणखी ८५ वर्षे जावी लागली.