फुटला की फोडलास?

माद्रिदहून

माद्रिदला निघताना पुण्यातल्या मैत्रिणींनी बजावलं होतं, 'तिकडची माणसं तोंडावर बोलतात हो, आडपडदा नाही.' म्हणून दुसऱ्याच आठवड्यात घरमालकीणबाईंचा निळा कप फुटला तेव्हा मी तोंडावर सांगितलं, 'ए रोतो ला तासा.' मी कप फोडलाय. व्याकरण बिनचूक. बाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, 'से ते आ रोतो.' म्हणजे, तुझ्या हातून फुटलाय गं.

या 'से'चा खुलासा माझ्या इंग्रजी पाठ्यपुस्तकानं तीन पानं केलाय. कप स्वतःलाच फोडतो आणि ते मला घडतं, असलं काहीतरी. आठ दिवस घोकलं. मग लक्षात आलं, हे तर आपल्या ओट्यावरचं रोजचं मराठी! दूध उतू गेलं, भाजी लागली, कप फुटला. करणारी कुठेच नाही. 'मे ए लाबादो लास मानोस' यातही 'माझे हात' नाहीत, नुसते 'हात'. आपणही 'हात धुतले' एवढंच म्हणतो. 'से आ इदो' म्हणजे निघून गेला. 'मे लो ए कोमिदो' म्हणजे खाऊन टाकलं. आपलं 'जाणं', 'टाकणं' इथे एका इवल्याशा 'से'नं, 'मे'नं भागतं. मराठी दारात उभी असताना आपण इंग्रजीच्या खिडकीतून स्पॅनिश बघतो, याचा मला राग येतो.

अडचण आहे ती शिस्तीची. आधी 'मे', मग साहाय्यक 'ए', मग क्रियापद. 'ए' आणि क्रियापदाच्या मध्ये कुणी घुसायचं नाही. बाई उठो की बुवा, 'मे ए लेबान्तादो'च. उठलोय-उठलेय करत वाढलेली मी महिनाभर 'लेबान्तादा' म्हणत होते. शिवाय कप आज फुटला तर 'से मे आ रोतो', काल फुटला असेल तर 'से मे रोम्पियो'. माझ्या स्पॅनिशच्या वर्गातली ब्युनोस आयर्सची मुलगी आजच्यालाही 'रोम्पियो'च म्हणते, आणि आमच्या शिक्षिका नाक मुरडतात.

इथली माणसं नेहमीच अंग काढून घेतात, असंही समजू नका. 2012 च्या एप्रिलमध्ये स्पेनचे तेव्हाचे राजे हुआन कार्लोस बोत्स्वानात हत्तींच्या शिकारीला गेले आणि तिथे पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. देश मंदीत होरपळत होता, लोक खवळले. इस्पितळातून बाहेर पडताना राजे कॅमेऱ्यासमोर म्हणाले, 'मे ए एकिबोकादो.' मी चुकलोय. 'मे' इथेही आहे, पण चुकणारा 'मी'च. आपल्याकडे मोठी माणसं फार तर 'चूक झाली असेल' म्हणतात, नाहीतर त्यांच्या बोलण्याचा विपर्यास केला जातो. कुणी केला, हे मात्र ते लगेच सांगतात.

बाईंनी कपाचा विषय पुन्हा काढला नाही. 'से' म्हटलं की इथे प्रकरण मिटतं. हे कौतुकानं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'ते असू दे. फुटला की फोडलास?'

'फोडला,' मी म्हटलं. फोनवर बोलता बोलता विसळत होते.

'मग नवा आणून दे.'