शिदोरीबरोबरच्या काड्या व त्यांची पारख

अन्न तोंडीं घालण्याच्या रीती देशपरत्वें भिन्न आहेत. आम्ही हातानें जेवतों, युरोपांतील लोक सुरी-कांट्यानें जेवतात, आणि चीन, जपान, कोरिया व व्हिएतनाम या देशांतील लोक दोन बारीक काड्यांच्या चिमट्यांत घास धरून जेवतात. 'चॉपस्टिक' या इंग्रजी नांवानें आमचे बहुतेक वाचक या काड्यांस ओळखतात; जपानी भाषेंत त्यांस 'हाशी' असें म्हणतात. चीनमधील आन्यांग येथील प्राचीन राजधानीच्या अवशेषांत कांशाच्या काड्या सांपडल्या आहेत, व तो काळ तीन हजार वर्षांहूनही मागचा आहे. यावरून या रीतीचें प्राचीनत्व ध्यानांत येईल.

घरीं जेवावयास बसलें असतां काड्यांची पंचाईत पडत नाहीं. प्रश्न उभा राहतो तो घराबाहेर. विद्यार्थी शाळेंत डबा खातो, कामकरी कारखान्यांत खातो, प्रवासी आगगाडींत खातो. त्या वेळीं काड्या कोठून आणावयाच्या? एकदां वापरून फेकून द्यावयाच्या काड्या अन्नाबरोबर मिळतात, हें एक उत्तर. आपली स्वतःची जोडी डबींत घालून बरोबर न्यावी, हें दुसरें. दुसरें उत्तर अधिक चांगलें, असें कोणीही म्हणेल. परंतु तें प्रत्यक्षांत चांगलें ठरतें कीं नाहीं, हें जोडीच्या निवडीवर अवलंबून असतें. तेंच या लेखांत स्पष्ट करण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम फेकून द्यावयाच्या काड्यांविषयीं. जपानांत त्यांस 'वारीबाशी' म्हणतात. दोन काड्या एका टोंकास जोडलेल्या असतात व जेवणारा त्या हातानें दुभंगून निराळ्या करितो, म्हणून हें नांव. नारा प्रांतांतील योशिनो येथें 'सुगी' नांवाच्या, देवदारासारख्या उंच वृक्षाच्या लांकडापासून पिंपांसाठीं फळ्या कापीत. फळ्या कापल्यावर जे तुकडे उरत, ते जाळून टाकण्याऐवजीं त्यांच्या काड्या करण्याची युक्ति तेथील लोकांनीं काढिली. येथवर या धंद्यांत उधळपट्टी नव्हती. उलट ती एक काटकसरच होती.

पुढें मात्र मागणी इतकी वाढली कीं उरलेले तुकडे पुरेनात, आणि केवळ काड्यांसाठींच झाडें तोडण्याचा प्रघात चीनमध्यें पडला. २००५ च्या सुमारास जपानांत वर्षास सुमारें २,५०० कोटी जोड्या खपत, म्हणजे माणशीं सुमारें २०० जोड्या; व त्यांपैकीं शेंकडा ९० हून अधिक चीनमधून येत. एक झाड वाढण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात, व त्याची काडी मनुष्याच्या हातीं फार तर अर्धा तास राहते! चीन सरकारनें १ एप्रिल २००६ पासून अशा लांकडी काड्यांवर शेंकडा ५ कर बसविला. त्यानंतर जपानांतील अनेक उपाहारगृहांनीं धुवून पुन्हां वापरावयाच्या काड्या मेजावर ठेवण्यास प्रारंभ केला, आणि आपली काडी आपण बरोबर न्यावी, या 'माय हाशी' नांवाच्या चळवळीसही जोर चढला. केनिया देशांतील वांगारी माथाई या बाईंस झाडें लावण्याच्या कार्याबद्दल २००४ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढील वर्षीं त्या जपानांत गेल्या असतां 'मोत्ताइनाइ' हा शब्द त्यांनीं ऐकला, व तो जगभर सांगितला. चांगली वस्तु वाया गेली असतां मनास जी हळहळ वाटते, ती या एका शब्दांत सांठविली आहे.

आपली काडी बरोबर नेणें ही कांहीं आजची नवलाई नव्हे. छिंग राजवटींत, म्हणजे १६४४ ते १९१२ या काळांत, मांचू लोक कमरेस एक म्यान लटकावीत. त्यांत मांस कापण्याची सुरी व काड्यांची जोडी अशा दोन्ही वस्तु असत. जपानी घरांत तर प्रत्येक माणसाची भाताची वाटी व काड्या वेगळ्या असतात. बापाच्या काड्या मुलगा घेत नाहीं. जी वस्तु घरांत आपली म्हणून जपली जाते, ती घराबाहेर नेणें हें त्यापुढचें साहजिक पाऊल होय.

आतां निवडीकडे वळूं. पहिली गोष्ट लांबीची. पुष्कळ लोक डबी सुबक दिसली म्हणजे जोडी विकत घेतात, आणि हातास ती आंखूड पडते. यासाठीं जपानी लोकांचें एक जुनें व सोपें माप आहे. आंगठा व तर्जनी काटकोनांत ताणावीं, व त्यांच्या दोन टोंकांमधील सरळ अंतर मोजावें. या मापास ते 'हितोआता' म्हणतात. आमच्या 'टिचे'शीं तें पुष्कळ जुळतें. या मापाच्या दीडपट लांबीची काडी हातास योग्य समजावी. ज्या मुलाचें माप १२ सेंटिमीटर भरेल, त्यास १८ सेंटिमीटरांची काडी पुरे. ज्या प्रौढाचें १५ भरेल, त्यास साडेबावीस सेंटिमीटरांची हवी. डब्याबरोबर मिळणाऱ्या काड्या बहुधा १८ ते १९॥ सेंटिमीटरांच्या असतात. त्या मुलांस ठीक होतात. मोठ्या माणसानें मात्र घेण्यापूर्वीं आपली टीच मोजून पाहावी.

मोठी काडी लहान डबींत मावावी म्हणून मधोमध आट्यांनीं जोडावयाच्या काड्याही मिळतात. त्या सोईच्या खऱ्या; परंतु आट्यांच्या खांचेंत अन्नाचे कण व ओल राहते. अशी जोडी घ्यावयाची असल्यास आटे उघडून आंतून घासतां येतात कीं नाहीं, व जोड आवळल्यावर काडी डगमगत नाहीं ना, हें पाहावें. रोज सांध्याची सफाई करण्याचा ज्यास कंटाळा, त्यानें अखंड काडीच घ्यावी.

दुसरी गोष्ट आकाराची. काड्या धरतांना खालची काडी आंगठ्याच्या बेचक्यांत व अनामिकेवर स्थिर ठेवितात. वरची तेवढी तर्जनी व मध्यमा यांच्या साह्यानें हलवितात. म्हणजे हें यंत्र चिमट्याचेंच असून त्याचा एक पाय अचल व दुसरा चल असतो. चिमट्याचीं टोंकें जितकीं नीट जुळतील, तितकी त्याची पकड चांगली. चिनी काड्या लांब, बोथट टोंकांच्या व वरच्या अंगास बहुधा चौकोनी असतात; मेजाच्या मध्यभागीं ठेविलेल्या सामाईक भांड्यांतून घेण्यास ती लांबी उपयोगीं पडते. जपानी काड्या आंखूड व निमुळत्या असतात. माशाचे कांटे काढण्यास तीं बारीक टोंकें फार सोईचीं. कोरियांत धातूच्या, पुष्कळदां चपट्या काड्या वापरितात, व त्यांबरोबर चमचा असतोच. तेथील राजा मुर्योंग हा ५२३ सालीं वारला. त्याची कबर १९७१ सालीं उघडकीस आली, तेव्हां तींतही कांशाचे चमचे व काड्या निघाल्या. प्रवासासाठीं अगदीं वाटोळी काडी टाळावी, कारण आगगाडीच्या हिसक्यासरशीं ती घरंगळून खालीं जाते. चौकोनी किंवा अष्टकोनी काडी जागेवर राहते, व बोटांतही फिरत नाहीं. टोंकाशीं बारीक खांचा असल्या म्हणजे शेवयांसारखे निसरडे पदार्थ सुटत नाहींत.

तिसरी गोष्ट, काडी कशाची केलेली आहे ही. बांबूची काडी हलकी, स्वस्त व पकडीस उत्तम. परंतु ओली राहिली तर तीस बुरशी येते. पोलादाची काडी न गंजणारी व टिकाऊ. तिचा एक प्रकार १८-८ या नांवानें ओळखला जातो, कारण त्यांत शेंकडा १८ क्रोमियम व ८ निकेल असतें. परंतु ती जड व गुळगुळीत असते, आणि कढत रश्श्यांत ठेविली तर तापते. म्हणून आंतून पोकळ केलेली पोलादी काडी अधिक बरी. तिचें वजन कमी भरतें. टायटॅनियम या धातूची काडी त्याच आकाराच्या भरीव पोलादी काडीच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते व गंजत नाहीं. पण तिची किंमत बरीच पडते. प्लास्टिकची काडी मुलांस हलकी वाटते. ती उकळत्या तेलांत किंवा तापलेल्या तव्यावर कधींही लावूं नये.

लाखेसारख्या रोगणानें झळकणाऱ्या जपानी काड्यांविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. हें रोगण 'उरुशी' नांवाच्या झाडाच्या चिकापासून करितात, व हें झाड आमच्या आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळांतील आहे. बिब्बा अंगावर कसा उततो हें आमच्या घरोघरच्या आजीबाईंस ठाऊक आहे. उरुशीचा ओला चीकही तसाच उततो. मात्र एकदां पूर्ण वाळला म्हणजे तो निरुपद्रवी होतो. चमत्कार असा कीं, तो उन्हांत नव्हे तर दमट हवेंत वाळतो. हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग घडवून आणणारें एक द्रव्य त्या चिकांतच असतें, व त्याचा शोध योशिदा नांवाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञानें १८८३ सालीं लाविला. फुकुई प्रांतांतील ओबामा हें गांव अशा काड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर रोगणाच्या थरांत शिंपल्याचे व अंड्याच्या कवचाचे तुकडे बसवून नक्षी काढितात. या काड्या पाण्यांत फार वेळ भिजत ठेवूं नयेत, व तारेच्या घासणीनें घासूं नयेत. एवढें सांभाळलें तर त्या वर्षानुवर्षें टिकतात.

चौथी गोष्ट डबीची. काडीइतकेंच डबीकडेही लक्ष द्यावें, कारण जेवणानंतर उष्टी काडी त्याच डबींत परत जाते. आंतल्या कोपऱ्यांपर्यंत बोट किंवा ब्रश पोंचतो काय? आंत कापड चिकटविलें असल्यास तें काढून धुतां येतें काय? झांकण आपोआप उघडून काड्या दप्तरांत पडणार नाहींत ना? डबी हलविली असतां फार खुळखुळत नाहीं ना? या चार प्रश्नांचीं उत्तरें दुकानांतच मिळवावीं. कापडाची गुंडाळी वापरणारे लोकही पुष्कळ आहेत. ती हलकी, बिनआवाजी व धुण्यास सोपी असते, परंतु तींतून ओल बाहेर झिरपते, म्हणून पुस्तकांजवळ ती ठेवूं नये.

पांचवी व शेवटची गोष्ट निगेची. जेवण झाल्याबरोबर काडी पाण्यानें खळबळावी. पाणी नसल्यास कागदानें पुसावी. घरीं येतांच काडी व डबी दोन्ही साबणानें धुवावीं, व उघड्या हवेंत पूर्ण कोरडीं झाल्यावरच डबी बंद करावी. रात्रभर दप्तरांत पडून राहिलेली उष्टी काडी सकाळीं तशीच वापरणें हें आरोग्यास घातक आहे. टोंक चिरलें, रोगण उडालें किंवा काळे डाग पडले, तर ती जोडी बाजूस ठेवावी.

आमचे वाचक कदाचित् विचारतील कीं, हाताच्या पांच बोटांनीं जेवणाऱ्या आम्हांस या चर्चेचा उपयोग काय? उपयोग आहे, तो असा. आमच्या देशांतही १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेकावयाचे प्लास्टिकचे चमचे, कांटे व सुऱ्या यांवर बंदी आहे. तेव्हां घराबाहेर जेवतांना बरोबर काय न्यावें, हा प्रश्न आमच्याही पुढें आहेच. चमचा असो वा काडी असो, पारख तीच : हातास बसेल, अन्नास जुळेल, आणि आपल्या हातून रोज धुतली जाईल अशी वस्तु घ्यावी. शाळेचे २०० दिवस रोज एकदां वापरली, तर एका जोडीनें वर्षांत २०० जोड्या वांचतात. परंतु तीच जोडी हातास न बसल्यामुळें चार दिवसांत फळीवर पडली, व तिच्या जागीं दुसरी, मग तिसरी आली, तर धातु, प्लास्टिक व पैसा हीं सर्व वाया जाऊन एकही काडी वांचत नाहीं. काटकसर विकत घेण्यांत नसून वापरण्यांत असते. योशिनोच्या लोकांनीं उरलेल्या तुकड्यांचें सोनें केलें. उलट आपण चांगल्या वस्तूचें फुकट ओझें करूं शकतों.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलास अशी वस्तु घेऊन देतांना त्यास दुकानांत बरोबर न्यावें, त्याच्या हाताचें माप घ्यावें, त्याच्या हातीं ती देऊन पाहावी, व ती धुण्याचें काम पहिल्या दिवसापासून त्याच्याकडेच सोंपवावें. आई धुवील म्हणून ठेविलेली वस्तु मुलाची कधींच होत नाहीं. पांच भाकरी व दोन मासे यांनीं मोठा समुदाय तृप्त झाला, ही शुभवर्तमानांतील कथा विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. एवढी समृद्धि प्रगट झाल्यावरही उरलेले तुकडे टाकून दिले नाहींत. त्यांच्या बारा टोपल्या भरून घेतल्या. विपुलता असतांनाही वाया घालवूं नये, हा त्या कथेचा एक बोध आहे, आणि तो दप्तरांतील लहानशा डबीसही लागू पडतो.